एकेचाळीस ग्रॅमचा खुलासा

महोदय,
आपली नोटीस मिळाली.
जप्तीच्या दिवशी दोन किलो तीनशे चाळीस,
परवा कोर्टात नेताना दोन किलो दोनशे नव्याण्णव.
नमुन्याचे पाच ग्रॅम वेगळे, त्यांची पावती आहे.
उरलेल्या तुटीचं मी लेखी सांगायचं आहे,
सात दिवसांत.

मुद्देमाल माझ्याच ताब्यात होता.
कुडाळच्या ऑफिसातलं पत्र्याचं कपाट,
वरच्या खणात खैराच्या केसची कुऱ्हाड,
खालच्यात हा:
राखाडी, असोल्या नारळाएवढा, एका बाजूनं चेपलेला.
लाखेचं सील, दोन पंच, माझी सही.

मी जतकडची.
पाणी टँकरनं येतं अशा गावची.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नेमणुकीच्या पत्रासोबत,
देवमासा अजून नाही.

निवतीला मी गिऱ्हाईक होऊन गेले.
आपणच म्हणालात, बाई असली की संशय येत नाही.
भाड्याची गाडी, उसनं गंठण,
नवऱ्याच्या सोंगात वनपाल सावर्डेकर.
हनुमंत खवळेच्या बायकोनं
आधी सोलकढी विचारली, मग नाव.
नाव मी खोटं सांगितलं.
सोलकढी खरी प्यायले.
हे पंचनाम्यात नाही.

हेही नाही, की किंमत काढल्यावर हनुमंत म्हणाला,
"ताई, माका कोटीबिटी नको.
होडयेचा इंजिन बदलूचा आसा.
दर्यान टाकल्यान, मिया उचललंय."
आणि टॉवेलातून तो बाहेर काढला
नुकतं न्हाऊ घातलेलं पोर काढावं तसा.
मी पदर डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला.
खूण तीच ठरली होती.

अहवाल आला: अंबर, अस्सल.
आत म्हाकुलाच्या चोची, काळ्या,
पोपटाच्या असाव्यात तशा.
जे पचलं नाही त्याच्याभोवती
त्या जनावरानं वर्षानुवर्षं हे साचवलं,
असं तिथल्या मॅडमनी फोनवर सांगितलं.
मी म्हटलं, समजलं.

आता वासाबद्दल.
पहिल्या महिन्यात गोठ्याचा.
शिपाई परब नाकाला रुमाल लावून जावक रजिस्टर घ्यायचे.
दिवाळीच्या सुमारास तंबाखूच्या जुन्या डबीचा.
मग देवळातल्या लाकडी खांबाचा,
ज्याला येणारा-जाणारा हात लावतो.
शिमग्यापर्यंत तो फायलींत उतरला होता:
रानडुकराच्या शिकारी, वणवे, तोडीचे परवाने,
बदलीचे अर्ज, त्यातला माझा, दोनदा नामंजूर,
सगळ्यांना तोच वास.
सील शाबूत होतं, महोदय.
लाख वास अडवत नाही.

जामिनाच्या अटीप्रमाणे
हनुमंत दर सोमवारी हजेरीला येतो.
होडी त्यानं विकली.
आता मालवणात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहे.
चपला व्हरांड्यात काढतो,
सही करतो,
मान जराशी कपाटाकडे वळवून
श्वास घेतो. एकच, लांब.
याला मनाई करणारं कलम मी शोधलं.
सापडलं नाही.
तो माझ्याकडे बघत नाही.
ते त्याचं बरोबर आहे.

तर, तूट.
काही त्याच्या छातीत असावी.
काही परबांच्या रुमालात.
काही माझ्या केसांत:
यात्रेला गावी गेले तेव्हा आईनं जवळ घेऊन विचारलं,
कुठल्या देवाला जाऊन आलीस गं?
मी म्हटलं, ऑफिसातून.

बाकी सुकलं. हवेत गेलं.
वस्तू जिवंत असल्यासारखी हलकी होत जाते,
हे सांगितल्यावर वकीलसाहेब हसले,
पण तराजू त्यांचाच होता.

मी उचललेलं नाही.
एकदा फक्त, वीज गेलेली असताना,
कपाट उघडून समोर खुर्ची टाकून बसले होते,
पाऊण तास, हात मांडीवर ठेवून.
त्या वेळात किती ग्रॅम गेले
ते माझ्या पगारातून कापावेत.

पुढची तारीख जूनमध्ये आहे.
तोवर आणखी सात-आठ जातील.
आगाऊ कळवत आहे.

आपली विश्वासू,
अक्काताई बिराजदार,
वनरक्षक