दुधाच्या पावडरीचा डबा

दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा,
झाकणाला सुरीनं पाडलेली फट.
चिठ्ठी टाकायची, नाव नको.
सातवीच्या वर्गाला एवढंच सांगते
आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहते,
कोण उठलं ते दिसू नये म्हणून.

बाहेर मलावी सरोवराच्या काठी
मचाणांवर उसिपा वाळतेय.
वर्गभर मासळीचा वास.

पहिल्या चिठ्ठीत :
लगेच पोहून आलं की दिवस राहत नाहीत, खरं का?
दुसरीत : आणि एकदाच केलं तर?
तिसरीत नुसतं चित्र. मागच्या बाकावर खसखस.
मी चित्र वर धरते. म्हणते, प्रमाण चुकलंय,
पण असू दे, आज इथूनच सुरू करू.

होड्या कोरणाऱ्या मापोपाकडून
एक लाकडी नमुना करून घेतलाय.
त्यानं पैसे घेतले नाहीत,
फक्त म्हणाला, न्याखोंजे, माझं नाव सांगू नका.
मी दर वर्षी सांगते.
त्यावर निरोध चढवून दाखवते :
टोकाशी चिमूट, हवा काढायची, मग खाली सरकवायचा.
हसतात. हसू देते.
हसताना कान उघडे राहतात.

छत्तीस वर्षं सुईणपण केलं.
दिवस गेलेत, असं आपण म्हणतो.
कुणाचे गेले?
तेम्वानानीचे गेले, चौदाव्या वर्षी.
भूमितीची वही घेऊन आली होती बाळंत व्हायला,
म्हणाली, मध्ये वेळ मिळाला तर.
अठरा तास.
कंबर मुलीची होती, बाईची नव्हती.
मूल वाचलं. तीही वाचली.
वही माझ्याकडेच राहिली.
आणि तो?
तो त्या दिवशीही शाळेत होता,
दुपारी त्याचा फुटबॉलचा सामना होता.
म्हणून या तासाला मी मुलग्यांना बाहेर पाठवत नाही.
बसा म्हणते. हे तुमचंही आहे.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी,
लिहून खोडरबरानं पुसलेली.
खिडकीशी धरली असती
तर पेन्सिलीचे चरे वाचता आले असते.
अक्षरही ओळखलं असतं बहुधा.
मी तिची घडी घालून
चितेंजेच्या गाठीत बांधते
आणि सगळ्या वर्गाला,
कुणा एकीकडे न बघता, सांगते :

मंगळवारी, उजाडायच्या जरा आधी,
दवाखान्याचं मागचं दार उघडं असतं.
उशीर झालाय असं वाटलं, तरी या.
कुत्रं मी बांधून ठेवते.