तोंडी गुणांचा रकाना

नववीत माझी मुलं अकरा.
ग्रुपवर मात्र बारा जण: बारावी मी.
आजारसाथीच्या वर्षी मीच तो सुरू केला होता,
गृहपाठासाठी. आता मुलं विसरलीत मला,
भिंतीवरचा जुना नकाशा विसरावा तशी.
रात्री दहानंतर तिथं दुसरीच शाळा भरते.

गेगी खिडकीपाशी बसतो.
नाव विचारलं की पहिल्याच अक्षरावर अडतो,
बर्फात रुतलेल्या चाकासारखा,
ग... ग... ग...
आणि मग मीच म्हणते, "बस बाळा, असू दे."
चार वर्षं मी याला माया समजत होते.
लेखी: नऊ. तोंडी: चार.
त्या चारात तीन दयेचे.

आणि हाच मुलगा ग्रुपवर
रात्री पावणेबाराला
तेक्लेला स्पर्शिका समजावतो,
एका दमात, स्वल्पविराम न चुकवता,
वर माझी नक्कल:
"समजलं? नसेल समजलं तरी मान हलवा."
(असं म्हणते मी? म्हणते.)
खाली नऊ हसरे चेहरे.
दहावा मी टाकला नाही.
चष्मा काढून उशाशी ठेवला.

फेब्रुवारीत वरचा हिमकडा सुटला
आणि टॉवर गेला.
आमच्या स्वानेतीत, टॉवर गेला म्हटलं
की लोक विचारतात, कुठला?
दगडी बुरूज पणज्यांच्या पणज्यांनी बांधलेले,
आत आता गवत आणि गायीचा वास.
म्हणतात, शत्रू दिसला की त्यांच्या माथ्यावर जाळ करत
आणि खालचं गाव जागं होई.
ते उभेच आहेत.
पडला तो लोखंडी, सहा वर्षांचा.

नऊ दिवस.
मुलं खिशातून फोन काढायची,
आरशात बघावं तसं बघून परत ठेवायची.
मला वाटलं, आता तरी बोलतील एकमेकांशी.
आम्हा म्हाताऱ्यांना असं वाटतंच.

गेगीशी कुणी बोललं नाही.
दुष्टपणा नव्हता त्यात.
त्यांचा गेगी टॉवरबरोबरच गेला होता;
हा खिडकीतला कोण,
त्याला काय म्हणायचं, कुणालाच सुचेना.
तोही काचेवरच्या वाफेत
त्रिकोण काढत बसला, पुसत बसला.

पाचव्या दिवशी
शेगडीत लाकूड सारून आलेल्या तेक्लेनं
वहीचं पान टरकन फाडलं,
काहीतरी खरडून मागं सरकवलं.
ते ओतियाकडून निनेलीकडे, निनेलीकडून खिडकीत,
आणि परत आलं ते दोन्ही बाजूंनी भरून.
तासाला चार पानं. दुसऱ्या दिवशी अकरा.
चिठ्ठ्या पकडण्यात माझी हयात गेली;
त्या आठवड्यात मला जरा कमीच दिसत होतं.
एक पान पायाशी येऊन पडलं.
"बाई बघतायत.
नाही बघत असं दाखवतायत.
वाईट नट आहेत."

आठव्या दिवशी तो हसला.
मोठ्यानं, घशातून.
हसण्यात कुठलंच अक्षर आड येत नाही,
हे मला या वयात कळावं.

दहाव्या दिवशी, तिसऱ्या तासाला,
अकरा खिशांत एकदम माशा भणभणल्या.
नऊ दिवसांचं सगळं एका क्षणात येऊन कोसळलं.
दहा माना खाली गेल्या.
गेगी उभा राहिला.

"बाई, ग..."
मी तोंड उघडलं होतं. मिटलं.
"ग... ग..."
शेगडीत ओलं लाकूड फुसफुसत होतं.
तेक्लेनं फोन पालथा ठेवला. मग ओतियानं.
किती वेळ गेला ते सांगत नाही,
त्याचा हिशेब फक्त त्याच्याकडे असावा.
"ग... गणित चुकलंय.
तिसरी ओळ."

चुकलं होतं. उणेचं अधिक केलं होतं मी.

रात्री ग्रुपवर माझ्या चुकीचा फोटो आला,
लाल वर्तुळासकट. सतरा हसरे चेहरे.
त्यातला एक माझा.
हजेरीपुस्तक उघडं आहे समोर.
चार खोडलाय.
पुढं काय लिहायचं, अजून ठरत नाही.