चौथी टाकी

सुवा तळ्याच्या काठी, ओकायाच्या गल्लीत
मोमोसेंच्या कारखान्यात एकूण सहा टाक्या.
चौथी कथलाची.
पहिल्याच दिवशी तिच्यापाशी उभं करून म्हणाले,
"हात नको. कान लाव."

पंपाची घरघर, रेक्टिफायरचा एकसुरी हुंकार.
कथील मात्र निमूट येतं.
आम्लात विरघळलेला एकेक कण
दोन इलेक्ट्रॉन घेतो, पाणी सोडतो, धातू होतो,
पण कुठेही नाही:
तांब्यावर आधी ओरखडा शोधतो, कड शोधतो,
जिथे कुणी आधीच बसलंय तिथेच शेजार धरतो.
बेटं होतात. पसरतात, एकमेकांना भिडतात,
आणि भिडल्याची ती रेघ
चकाकीखाली कायमची राहते.

मोकळं सोडलं तर रानटी.
प्रवाह जरा वाढवा, सुया काढील, फांद्या काढील,
कोपऱ्यांवर काटेरी झुडूप.
म्हणून ते फेसाळ द्रव्य, थोडंसंच.
ते शेंड्यांवर जाऊन बसतं:
तू थांब, मागच्याला येऊ दे.
(जेवणाच्या सुट्टीत मोमोसे मला हेच म्हणायचे.)

पाचवीत चांदी आणि कथील एकत्र.
चांदी उतावीळ, दार उघडायच्या आत घुसणारी;
तिला एका मोठ्या रेणूच्या मिठीत अडकवावं लागतं,
तेव्हा कुठे दोघं जोडीनं उतरतात.

पूर्वी शिसं होतं, शंभरात दहा.
जड, मऊ, आतली भांडणं गिळणारं.
मग कायदा आला.
योग्यच आला. मोमोसेंच्या रक्ततपासणीचा आकडा
मी पाहिलाय.

फेब्रुवारीत एक डबा परत आला नागोयाहून,
सोबत दोन ओळींचं अतिनम्र पत्र.
भिंगाखाली, कनेक्टरच्या दोन पायांमध्ये
केसाहून बारीक, सरळ, चमकता तंतू.
तो आम्ही चढवलेला नव्हता.
तीन वर्षांत, कुणी न सांगता, आपणहून उगवलेला.
खालचं तांबं त्या रेघांतून वर शिरतं,
जागा मागतं, थर दाबला जातो,
आणि दाबलेलं कुठल्या तरी एका बिंदूतून
बाहेर येतंच.

मोमोसे बोलले नाहीत. मला तळ्यावर नेलं.
त्यांच्या लहानपणी इथे बर्फ रात्री गरजायचा,
थंडीनं आकसून फाटायचा, उन्हात फुगून
स्वतःलाच वर ढकलायचा,
या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाचा बांध.
"देव चालत गेला म्हणायचे.
तक्रारीचं पत्र कुणी नाही लिहिलं."
यंदा नुसतं पाणी. दोन बदकं.

परतल्यावर त्यांनी वही उघडली:
तांब्यावर आधी निकेल, पातळ. मग कथील.
मग भट्टी, दीडशे अंश, एक तास.
खाली तारीख, टाकीचं तापमान,
आणि रोजच्यासारखं एका शब्दात तळं:
उघडं.