ठिकाणाचा रकाना

वहीत पाच रकाने आखलेत मी:
तारीख, वेळ, पक्षी, संख्या, ठिकाण.
दहा वर्षांची वही, खाऱ्या हवेनं कडा फुगलेली.
चैत्रातल्या एका रविवारचं ठिकाण मात्र
मी नंतर खोडलंय,
इतकं, की कागद फाटून
पुढच्या पानावरचा खंड्या दिसतो.

तळवलीच्या मागे, खाडीच्या बांधाला लागून
एक खाचर पडीक होतं.
भेगाळल्या मातीत चार अंडी.
अंडी कसली, चार ढेकळंच,
टोकं आत, पोटं बाहेर,
अंगावर कुणी शाई झटकल्यासारखी.
माझा पाय वीतभर अलीकडे थांबला
तो माझ्या हुशारीनं नव्हे,
टिटवी डोक्यावर ओरडत आली म्हणून.

उघाडीची झडप सांभाळणारे हसुराम
दुरूनच म्हणाले, "बगलंस ना? आता नीग."
पाचच मिनिटं, काका.
"तुजी पाच मिन्टा,
पन तिची अंडी उनान हायेत."

मी पंचवीस मिनिटं थांबले.
टिटवी पाण्यात जाऊन पोट भिजवून येई,
तेवढा ओलावा तिला अंड्यांवर ठेवायचा असे,
आणि मध्ये मी होते, दुर्बिणीसकट.
तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं.
वहीत तसंच आहे: फार सुंदर.

मग मी एकालाच सांगितलं.
निरंजन पोतनीसला.
त्याच्याकडे नवी लेन्स होती,
आणि माणूस चांगला, हलक्या पावलांचा.
त्यानंही एकालाच सांगितलं असेल.
पुढच्या रविवारी बांधाच्या तोंडाशी
सहा गाड्या उभ्या.

कुणी गवत कापलं, चित्रात आडवं येतं म्हणून.
कुणी टाळी वाजवली, तिनं उडावं म्हणून.
ती पंख मोडल्याचं सोंग घेत फरफटत निघाली
आणि सगळे कॅमेरे तिच्यामागे वळले.
सोंग फळलं, असं तिला वाटलं असेल.
तोवर अंड्यांवर ऊन येऊन बसलं होतं.

शाळेत एक म्हण होती,
टिटवीदेखील समुद्र आटवते.
वाक्यात उपयोग करा, असं बाई म्हणायच्या.
आता करते.
इथला समुद्र डंपरनी आटवला,
खेपेखेपेनं राडारोडा टाकून,
टिटवीला कुणी विचारलं नाही.
पण डंपर आले वैशाखात.
त्यांच्याआधी आम्ही आलो होतो,
मऊ बुटांनी, मातकट टोप्या घालून,
एकमेकांना "हळू, हळू" म्हणत.

हसुराम नंतर बाजारात दिसले, निवट्या विकताना.
पैसे मोजून घेतले,
वर दोन निवट्या जास्तीच्या घातल्या.
चार शब्द सुनावले असते तर
पिशवी हलकी झाली असती.

यंदा फाल्गुन सरता सरता
आमच्या इमारतीवर रात्री आवाज: टिटीव, टिटीव.
पाण्याच्या टाकीमागे खडी पसरलीय, गळतीच्या कामाची.
वॉचमन म्हणाला, एक पाखरू कुणाला वर येऊ देत नाही,
अंगावर धावतं.
तुम्ही पक्षीवाल्या ना, चावी देऊ?
चावी त्याच्या बोटाला लटकत होती.
आठल्येबाई जिन्यातच कुजबुजल्या,
रात्री टिटवी ओरडणं वाईट हो, अशुभ.
आयुष्यभर असल्या समजुती
मी हसून खोडत आलेय.
म्हटलं, फारच अशुभ.
सव्वा महिना गच्चीवर
कुणी पाऊल टाकू नये.

वहीत तारीख आहे, वेळ आहे.
पक्षी: फक्त आवाज. संख्या: माहीत नाही.
पुढचा रकाना मी कोरा ठेवलाय.
आणि पापड यंदा गॅलरीत वाळतायत,
एका बाजूनं अजून ओलेच.