फट

सुविधा वेळीप, मोरपिर्ला.
अर्जाच्या मागच्या पानावर
तिच्याविषयी दोन ओळी लिहायच्यात मला.

अकरावीला व्होकेशनल घेतलं तेव्हा
मामा म्हणाला होता, नापासांची शाखा ती.
तिने उत्तर दिलं नाही.
केप्याच्या बाजारात आईच्या मिरच्या उतरवल्या
आणि कदंब पकडून आमच्या शेडमध्ये आली,
पिशवीत डबा आणि भावाचा जाड शर्ट.

पहिला महिना
पत्र्याला चिकटलेल्या कांड्या सोडवण्यातच गेला.
आर्कने डोळे सुजले. रात्री
बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपली म्हणे.

मी सांगायचो, पत्रे एकमेकांना भिडवू नकोस.
मध्ये जराशी फट ठेव,
नाहीतर सांधा नुसता वरवर बसतो,
देखणा दिसतो
आणि वाकवला की उकलतो.

बारावीनंतर वर्षभर दिसली नाही.
रासयच्या यार्डात
बार्जच्या पोटात शिरून जोडकाम करत होती,
रोजंदारीवर.
आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला
थेट प्रवेश हवाय.
अर्ज विचारतो :
शिक्षणात खंड? कारण द्या.

"कितें बरोवं, सर?"

तिने यार्डातून एक तुकडा आणलाय, वर्तमानपत्रात गुंडाळून.
मी तो शिकंज्यात आवळतो,
हातोडा तिच्याच हाती देतो.
मार.

तीन घावांत पत्रा काटकोनात वाकला.
सांध्यावर भिंग फिरवतो,
एकदा, पुन्हा एकदा.
केसाएवढीही चीर नाही.

रकाना अजून कोरा आहे
आणि काकोड्याची खिडकी चारला बंद होते.