आल्टो, डावीकडून दुसरी

सुवार्ता घेऊन निघालेले एकवीस जण,
शाळेची पिवळी बस, अकरा दिवस.
सस्कॅचेवानात रस्ता वळायलाच तयार नसतो.
चौथ्या गावी माझा आवाज बसला.
वीबेसरांना सांगितलं नाही:
आल्टोत आम्ही तिघीच, त्यातली हेल्गा बेसूर.

मग नुसतेच ओठ हलवले.
तोंड पुरेसं उघडं, भुवया वर,
आमेनला मान किंचित खाली.
साक्षही दिली, घोगऱ्या कुजबुजीत.
लोकांना वाटलं, भरून आलंय.

सातव्या गावी, चर्चच्या तळघरात,
काकडीची सँडविचं, पातळ कॉफी.
कोर्नेलियस पेनर शेजारी येऊन बसले.
टोपी गुडघ्यावर, कानामागे गव्हाचा भुसा.
"तू गात नव्हतीस," म्हणाले.

मी बशीकडे पाहिलं.

"एलफ्रीडा गेल्यापासून मीही असाच.
तिसरा बाक. एकोणीस वर्षं.
पास्टरला पत्ता नाही."
आपला केक माझ्या बशीत सरकवला.
"उद्या कुठलं गाव?"

नाव आठवेना.

रात्री बसमध्ये, काचेला कपाळ टेकवून,
एक स्वर काढून पाहिला.
फाटकाच निघाला.
हेल्गानं डोळे न उघडता
तिचा बेसूर त्याला जोडला.