थांबा

काळजाचा ठोका चुकला, असं आपण सहज म्हणतो,
दूध उतू गेलं तरी.
माझा खरोखरच चुकतो. सप्टेंबरपासून.
आधी आतून एक धडक,
कुणी बंद दारावर खांदा मारावा तशी,
मग काहीच नाही,
मग उशिरा सुटलेल्या गाडीसारखी
सगळी घाई एकदम.

दवाखान्यात मात्र तो शहाण्या मुलासारखा वागला.
कागदावर डोंगर, दरी, डोंगर, दरी,
सगळे एका मापाचे.
छान दिसतंय, डॉक्टर ओकाफोर म्हणाल्या.
मी म्हटलं, गॅरेजमध्ये नेली की
गाडीची खडखडही अशीच बंद होते.
त्या हसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या,
चोवीस तासांचं यंत्र लावू, सोनोग्राफी करू,
यादी मोठी आहे, पत्र येईल.
तोवर बस चालवायची नाही.

एकवीस वर्षं चालवली, हार्लेक ते बारमथ.
समुद्र जाताना उजवीकडे, येताना डावीकडे.
आता माझ्या सीटवर रिस बसतो,
पंचविशीतला, सीट पार मागे ढकलून.

त्यांनी सांगितलं म्हणून वही केली आहे.
सोमवार, पहाटे तीन, डाव्या कुशीवर, चार वेळा.
बुधवार, बटाटे सोलताना, एकदाच, पण मोठा.
गुरुवार, काही नाही.
गुरुवारी दिवसभर त्या काही नाहीचीच
वाट बघत बसले होते,
ते लिहायला रकाना नव्हता.

जो तो सांगतो. कॉफी सोड. केळी खा.
वय आहे तुझं, त्रेपन्न म्हणजे काय.
मेलरीच्या दिराला अगदी असंच व्हायचं,
काही निघालं नाही त्याचं.
आणि तिच्या कामावरच्या एका बाईला,
म्हणत ती थांबली,
आणि उगाच माझ्या पडद्यांचं कौतुक करू लागली.

इड्रिस काही सांगत नाही.
रात्री कान ठेवतो छातीवर,
तर त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं.
काढून ठेवलं तर त्याला ऐकू येत नाही.
आम्ही दोघं अंधारात हसतो,
आणि हसताना एक चुकतो,
तो मी त्याला सांगत नाही.

काल उगाच बसमध्ये बसले, प्रवासी म्हणून.
खिडकीतून किती दिसतं! मेंढ्यांच्या पाठीवर
निळी खूण असते, लाल नाही,
इतक्या वर्षांत मला आरशातलंच काय ते माहीत.
मिसेस प्रॉथेरो टोपलीत मांजर घेऊन पुढे बसल्या होत्या.
त्यांनी घंटा दाबली. रिसचं लक्ष नव्हतं.
अरे, थांबा! मी ओरडले,
आणि मला कळेना मी त्याला थांबा दाखवतेय,
की कुणाला थांबायला सांगतेय.
पुढच्या वळणावर त्याने गाडी उभी केली.
बाई उतरल्या, मांजराशी काहीतरी बोलल्या,
आणि उलट्या दिशेने चालू लागल्या,
दोनशे पावलं असतील, वाऱ्यात,
कोट एका हाताने मिटून धरत.
वळण संपेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत होते.

पत्र आज आलं.
चौदा जानेवारी, नऊ चाळीस, बँगोर.
सकाळची पहिली बस, पोर्थमडॉगला बदल,
वीस मिनिटं हातात राहतात, तेवढ्यात चहा होतो.
हे सगळं मला झोपेतही सांगता येईल,
म्हणजे झोप आली तर.
वही टेबलावर ठेवली आहे, पेन तिच्यावर.
आज मनगटावर बोट न ठेवता पडायचं ठरवलंय.
उजव्या कुशीवर. भिंतीकडे तोंड करून.
जमेलच असं नाही.